घराचा तोल सांभाळताना

महागडे फर्निचर घेऊनही दिवाणखाना एका बाजूला कलल्यासारखा का वाटतो? सजावटीतील समतोलाची काही साधी तत्त्वे समजून घेतली, तर बहुतेक वेळा नव्या खरेदीवाचूनही घराचे रूप पालटता येते.

नव्या घराचा ताबा मिळतो. रंगकाम होते, सुतार येऊन जातो, सोफासेट येतो, पडदे लागतात. प्रत्येक वस्तू निवडताना घरातील सर्वांनी विचार केलेला असतो आणि पैसेही मोजलेले असतात. तरीही सारे जागच्या जागी लागल्यावर खोलीत काहीतरी खटकत राहते. येणारे-जाणारे कौतुक करतात, घरच्यांना मात्र तिथे निवांत वाटत नाही. उणीव नेमकी कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. मग ती भरून काढण्यासाठी आणखी एक शोपीस, आणखी एक तसबीर आणली जाते आणि खोली अधिकच दाटते.

अशा वेळी दोष बहुधा वस्तूंचा नसतो, त्यांच्या मांडणीचा असतो. गृहसजावटीच्या शास्त्रात ज्याला समतोल म्हणतात, तो बिघडलेला असतो. हा समतोल साधण्यासाठी सजावटकाराची पदवी लागत नाही. डोळा खोलीकडे कसा पाहतो, हे एकदा लक्षात आले की पुढचे काम बरेचसे सरकवासरकवीचे उरते.

शहरांतील कुटुंबांसाठी हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासामुळे असंख्य कुटुंबे एका घरातून अगदी निराळ्या घरात जात आहेत. मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण बोलके आहे. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे दोन शयनगृहांचे घर मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. एका खोलीत तीन पिढ्या वाढलेल्या कुटुंबाला अशा वेळी पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा. आजीचे लोखंडी कपाट, लाकडी दिवाण, भिंतीवरच्या तसबिरी नव्या घरात शोभतील का, की सारे मोडीत काढून दुकानातला 'सेट' घ्यायचा? समतोलाचे तत्त्व नीट समजले, तर या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा जुन्या वस्तूंच्या बाजूने लागते.

डोळ्यांचा तराजू

प्रत्येक वस्तूला दोन प्रकारचे वजन असते. एक काट्यावर मोजता येणारे आणि दुसरे डोळ्यांना जाणवणारे. वेताची मोठी खुर्ची उचलायला हलकी असते आणि दिसायलाही हलकीच असते, कारण तिच्यातून पलीकडचे दिसते. उलट काळ्या रेक्झिनचे छोटे स्टूल पांढऱ्या भिंतीपुढे ठेवले, तर नजर पुनःपुन्हा तिथेच जाते. खोलीचा समतोल ठरतो तो या दुसऱ्या, दृश्य वजनावर.

हे वजन कशाने वाढते, याचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. केंब्रिजमधील अभ्यासक एडवर्ड बुलो यांनी १९०७ मध्ये रंगांच्या भासमान जडपणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गडद रंग फिकट रंगांपेक्षा जड भासतात आणि ते खालच्या बाजूला असणे अधिक स्वाभाविक वाटते, असे त्यांना आढळले. पुढे मानसशास्त्रज्ञ रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ मधील 'आर्ट अँड व्हिज्युअल परसेप्शन' या ग्रंथात चित्रातील तोलाची सविस्तर मीमांसा केली. आकार, रंग, एकटेपणा आणि मध्यापासूनचे अंतर या साऱ्यांमुळे वस्तूचे दृश्य वजन बदलते, असे त्यांनी मांडले.

घराच्या भाषेत सांगायचे, तर मोठी वस्तू छोटीपेक्षा जड, गडद वस्तू फिकटपेक्षा जड, लाल-केशरी रंग निळ्या-राखाडीपेक्षा जड. भरगच्च नक्षीचे कापड साध्या कापडापेक्षा जड आणि खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीतपेक्षा जड. वर टांगलेली वस्तू खाली ठेवलेल्या वस्तूपेक्षा अधिक लक्ष वेधते. मोकळ्या भिंतीवरची एकटी वस्तू तिच्या आकाराच्या मानाने फारच जड ठरते.

मराठी माणसाला हा हिशेब नवा नाही. पारंपरिक पद्धतीने वाढलेले पान आठवून पाहावे. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे; उजवीकडे भाजी आणि आमटी; मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर पिवळे वरण. डावी बाजू उजवीसारखी कधीच नसते. डावीकडे जिन्नस थोडे, पण रंगाने आणि चवीने तीव्र. उजवीकडे वाढप मोठे, पण सौम्य. तरीही पान भरलेले आणि सारखे दिसते. चिमूटभर तिखट चटणी वाटीभर भाजीला तोलून धरते. घरातही नेमके हेच करायचे असते.

सममिती : ताजमहालचा 'जवाब'

समतोलाचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे सममिती. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच वस्तू, सारख्याच अंतरावर. दारापुढची ठिपक्यांची रांगोळी, गणपतीच्या मखराच्या दोन बाजूंच्या समया, गोव्यातील जुन्या घरांच्या बाल्कावात पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बांधलेली बैठक, ही सारी सममितीची रूपे होत.

या तत्त्वाचा कळस आग्ऱ्याच्या ताजमहालात पाहायला मिळतो. मुख्य समाधीच्या पश्चिमेला मशीद आहे. तिच्यामुळे वास्तूचा तोल एका बाजूला झुकू नये म्हणून पूर्वेला हुबेहूब तशीच दुसरी इमारत उभारण्यात आली. तिला 'जवाब' म्हणून ओळखले जाते. तिची मुख्य गरज पश्चिमेच्या वास्तूला उत्तर देणे हीच होती. गंमत अशी, की इतक्या काटेकोर वास्तूतही एक ठळक अपवाद आहे. मुमताजमहलची कबर बरोबर मध्यावर आहे आणि शहाजहानची, १६६६ मधील त्याच्या मृत्यूनंतर, तिच्या पश्चिमेला बसविण्यात आली. त्यामुळे आतली मांडणी सममित राहिलेली नाही.

घरातही प्रत्येक जड वस्तूला असा एखादा 'जवाब' लागतो, हे यातून घेण्यासारखे. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सारखी छोटी मेजे व दिवे, जेवणाच्या टेबलाभोवती समोरासमोर खुर्च्या, देवघराच्या दोन बाजूंना सारख्या समया येथे सममिती शोभते, कारण तिच्यामुळे शांतपणा आणि शिस्त येते. देवघराची दिशा अनेक घरांत श्रद्धेनुसार ठरते. ती आधी निश्चित करावी आणि मग त्याला केंद्र मानून भोवतीची मांडणी योजावी. दोन्ही गोष्टींत विरोध येण्याचे कारण नाही.

मात्र सममितीला जागा लागते आणि पैसेही लागतात, कारण प्रत्येक वस्तू दोनदा घ्यावी लागते. शिवाय सदनिकांत मध्यरेषा क्वचितच मोकळी असते. एका कोपऱ्यात दार, दुसरीकडे खांबाचा पुढे आलेला भाग, तिसरीकडे खिडकी. अशा खोलीत ओढूनताणून सममिती आणली, की खोलीतील मूळची विषमता अधिकच उठून दिसते. तेव्हा दुसऱ्या प्रकाराकडे वळावे.

असममित तोल : सी-सॉचे गणित

बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला वडील आणि दुसऱ्या टोकाला लहान मूल बसले, तरी खेळ रंगतो. वडील मध्याकडे सरकतात, मूल टोकाला बसते. जड वस्तू मध्याजवळ, हलकी वस्तू मध्यापासून लांब. असममित समतोलाचे सारे गणित एवढेच आहे.

जपानमधील क्योटो शहरातील र्‍योआनजी मंदिराची बाग या प्रकाराचा जगप्रसिद्ध नमुना मानली जाते. आयताकृती अंगणात पांढरी खडी आणि तिच्यात पाच समूहांत मांडलेले पंधरा दगड. एकही समूह दुसऱ्यासारखा नाही, मध्यरेषा नाही, तरीही पाहणाऱ्याला काही कमी-जास्त वाटत नाही. दगडांना तोलून धरते ती त्यांच्यामधली मोकळी खडी.

आपल्या दिवाणखान्यातील टीव्हीची भिंत हे या तत्त्वाचे रोजचे प्रयोगस्थळ. ४३ इंची टीव्ही तीन फुटांहून थोडा अधिक रुंद असतो. बंद असताना तो पांढऱ्या भिंतीवरचा काळा आयत असतो, म्हणजे खोलीतील सर्वांत जड वस्तूंपैकी एक. तो बारा फुटी भिंतीच्या बरोबर मध्यावर लावून दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर शोभेच्या वस्तू अशी रचना सर्रास केली जाते. परिणामी सारे वजन एकाच भिंतीवर जाते आणि समोरची सोफ्याची भिंत उघडी पडते.

त्याऐवजी टीव्ही मध्यापासून थोडा डावीकडे घ्यावा. त्याच्याखाली सहा फूट लांबीचे बुटके युनिट ठेवावे. उजव्या टोकाला उंच कुंडीतले रोप किंवा उभा दिवा ठेवावा. टीव्ही मध्याजवळ आणि जड, रोप टोकाला आणि हलके. तराजू सरळ होतो. खाली पसरलेले बुटके युनिट दोघांना जोडणाऱ्या दांडीचे काम करते. फळ्यांवर होणारा सुतारकामाचा खर्च यात वाचतो, हे वेगळेच.

सोफ्याच्या बाजूंबद्दलही हेच म्हणता येईल. एका बाजूला छोटे मेज व त्यावर दिवा असेल, तर दुसऱ्या बाजूला तसाच जोड हवाच असे नाही. तिथे वेताची खुर्ची, पितळी घंगाळातले रोप किंवा पुस्तकांची बुटकी मांडणी चालते. उंची आणि भरीवपणा साधारण जुळला, की डोळा समाधानी होतो.

मध्याभोवतीचा तोल

तिसरा प्रकार वाड्यांत वाढलेल्यांना परिचयाचा आहे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यासारख्या जुन्या वाड्यांत मोकळा चौक मध्ये असतो आणि खोल्या व ओसऱ्या त्याच्याभोवती फिरतात. अनेक घरांत अंगणातील तुळशीवृंदावन हेच केंद्र असे. सदनिकेत चौक नसला, तरी एखादे केंद्र निर्माण करता येते. गोल जेवणाचे टेबल आणि त्याच्या बरोबर वर टांगलेला दिवा किंवा एखादा गालिचा आणि त्याच्याभोवती बैठक, एवढे त्यासाठी पुरते. केंद्र मात्र एकच असावे. एकाच खोलीत झुंबर, टीव्ही आणि मत्स्यपेटी तिन्ही लक्ष वेधू लागली, तर एकाचेही महत्त्व उरत नाही.

जुने कपाट, नवे घर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद असते. नव्या शयनगृहात ते खटकते, ते जुने आहे म्हणून नव्हे. पलंग, मेज, खुर्ची या साऱ्या वस्तू अडीच-तीन फुटांच्या आत असतात आणि कपाट एकटेच उंच उभे राहते. शिवाय त्याचा रंग गडद राखाडी किंवा तपकिरी. उंची, रंग आणि एकटेपणा, जडपणाची तिन्ही कारणे एकाच ठिकाणी येतात.

कारणे ठाऊक झाली, की उपाय सुचतात. पहिला उपाय जागेचा. कपाट भिंतीच्या मध्यावर न ठेवता कोपऱ्यात घ्यावे. त्याच्या दोन बाजूंना भिंती आल्या, की ते खोलीच्या रचनेचा भाग वाटू लागते. दुसरा उपाय रंगाचा. फवारणीने रंग देणाऱ्या कारागिराकडून कपाटाला भिंतीच्याच रंगाची छटा द्यावी. वस्तू तीच राहते, पण तिच्या कडा भिंतीत विरघळतात. तिसरा उपाय 'जवाबा'चा. समोरच्या बाजूला छताजवळून जमिनीपर्यंत येणारे फिकट पडदे लावावेत. ते उंचीला उंचीने उत्तर देतात आणि जागा मात्र अडवीत नाहीत. चौथा उपाय रेषेचा. दाराच्या चौकटीची वरची कड, कपाटाचा माथा आणि शेजारची फळी शक्यतो एका ओळीत आणावी. गवंडी जसा ओळंबा लावतो, तसा डोळाही नकळत या रेषा तपासत असतो.

येथे दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. आरसा कपाटाच्या बरोबर समोर टांगू नये. कपाट दोनदा दिसू लागते. आरशाची जागा खिडकीसमोर, म्हणजे प्रकाश दुणावतो. दुसरी खबरदारी खऱ्या वजनाची. उंच कपाट भिंतीला पक्के करावे आणि जड सामान खालच्या कप्प्यांत ठेवावे. लहान मुले असलेल्या घरात तर हे टाळूच नये.

लाकडी दिवाणालाही असेच नवे आयुष्य देता येते. गडद शिसवी रंगाचा दिवाण फिकट लाद्यांवर एकाकी दिसतो. त्याच्याखाली गडद काठाची सतरंजी अंथरली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तशाच गडद लाकडाची एखादी छोटी वस्तू, अगदी तसबिरीची चौकट किंवा पाट ठेवला, तरी दोघांत संवाद सुरू होतो. एखादा रंग वा पोत खोलीत निदान दोन-तीन ठिकाणी दिसला, की तो मुद्दाम योजलेला वाटतो. एकाच ठिकाणी दिसला, तर राहून गेल्यासारखा वाटतो.

मोजपट्टी हाती घ्यावी

समतोलाचा जवळचा सोबती म्हणजे प्रमाण. दुकानाच्या प्रशस्त दालनात नाजूक वाटणारा सोफा घरात आल्यावर हत्तीसारखा दिसतो. तीन आसनांचा एक आणि एकेका आसनाचे दोन, असा सोफासेट नेहमी खपतो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. मोठा सोफा साडेसहा फूट लांब आणि तीन फूट खोल धरला, तर साडेएकोणीस चौरस फूट. दोन खुर्च्या प्रत्येकी तीन बाय तीनच्या, म्हणजे अठरा चौरस फूट. चार बाय दोनचा टीपॉय आठ चौरस फुटांचा. बेरीज साडेपंचेचाळीस. दहा बाय बाराच्या दिवाणखान्याचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. म्हणजे चालायला जागा धरण्याआधीच एक तृतीयांशाहून अधिक जमीन बैठकीने व्यापली. अशा खोलीत मोठ्या सोफ्यासोबत एकच हलकी खुर्ची आणि दोन मोडे ठेवले, तर आसनांची संख्या कमी होत नाही आणि तोलही राहतो.

काही ठोकताळे सजावटकार नेहमी वापरतात. सोफ्यावरील भिंतीवर लावायचे चित्र किंवा चित्रांचा समूह सोफ्याच्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश असावा. सहा फुटी सोफ्यावर चार फूट. सोफ्याची पाठ आणि चित्राची खालची कड यांत वीतभर अंतर पुरते. त्याहून वर गेलेले चित्र सोफ्यापासून तुटते आणि छताकडे निघाल्यासारखे दिसते. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास ठेवतात. उभ्या माणसाच्या नजरेची ती सर्वसाधारण उंची. मात्र लोड-तक्क्यांची भारतीय बैठक असेल, तर पाहणारा खाली बसलेला असतो. तिथे चित्रे त्या मानाने खाली आणणेच योग्य. टीपॉयची उंची सोफ्याच्या आसनाएवढी किंवा किंचित कमी आणि दोघांमध्ये दीड फुटाच्या आत अंतर असावे, म्हणजे कप ठेवताना ओणवे व्हावे लागत नाही.

घरातील कौटुंबिक छायाचित्रे हा आणखी एक नाजूक विषय. प्रत्येक भिंतीवर एकेक विखुरण्यापेक्षा सारी एका भिंतीवर एकत्र लावावीत. समूहाची बाहेरची रेषा साधारण आयत झाली, की आतल्या चौकटी लहानमोठ्या असल्या तरी बिघडत नाही. सर्वांत मोठी आणि गडद चौकट समूहाच्या मध्याजवळ, थोडी खालच्या अंगाला असावी.

रंग आणि उजेड

रंगांच्या बाबतीत साठ-तीस-दहा हे सूत्र प्रचलित आहे. खोलीतील सुमारे साठ टक्के भाग एका मुख्य, सौम्य रंगाचा. यात भिंती येतात. तीस टक्के दुसऱ्या रंगाचा. यात पडदे, सोफ्याचे कापड. उरलेला दहा टक्के उठावाचा रंग. उशांचे अभ्रे, फुलदाणी, एखादे चित्र. हे आकडे टेपने मोजायचे नसतात. तीव्र रंग थोडा आणि सौम्य रंग पुष्कळ, हा त्यामागचा भाव. ताटातली चटणी येथेही आठवावी. गडद रंग जड भासतात, म्हणून ते जमिनीकडे ठेवावेत. नऊ-साडेनऊ फुटी छताला गडद रंग दिला, तर छत खाली आल्यासारखे वाटते.

उजेडालाही वजन असते, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. दिवसा समतोल वाटणारी खोली संध्याकाळी एका भिंतीवरची ट्यूब लावताच एकांगी होते. उजेडाखालची बाजू पुढे येते, उरलेली अंधारात जाते. एकच प्रखर दिवा लावण्याऐवजी दोन-तीन ठिकाणी मंद दिवे असावेत. एक छताला, एक भिंतीवर, एक वाचण्याच्या जागी. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. एकाच खोलीत दोन्ही मिसळले, तर खोलीचे दोन तुकडे पडतात. बदल करायचा झाल्यास येथून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त.

रिकाम्या जागेचे मोल

तराजूच्या पारड्यात वस्तूच टाकाव्या लागतात असे नाही. त्या काढूनही तोल साधतो. मोकळी भिंत म्हणजे राहून गेलेले काम, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. वास्तविक भरलेल्या भिंतीला तोलून धरण्यासाठी समोरची मोकळी भिंतच उपयोगी पडते.

घरात वृद्ध माणसे असतील, तर मोकळ्या जागेला निराळेच महत्त्व येते. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत तीन फुटांची वाट मोकळी हवी, म्हणजे वॉकर घेऊनही चालता येते. काचेचा टीपॉय नजरेला हलका असला, तरी अंधुक उजेडात तो दिसत नाही आणि त्याचे कोपरे गुडघ्याला लागतात. सरकणारा गालिचाही तसाच धोक्याचा. डोळ्यांचा तोल साधताना पायांचा तोल जाऊ नये, हे भान सजावटीत सर्वांत आधी हवे.

आणखी एक बाब. ५०० चौरस फुटांच्या घरात सर्वांच्या आवडीला जागा मिळतेच असे नाही. दिवाणखाना मुलाच्या पसंतीचा, शयनगृह सुनेच्या आवडीचे आणि आजोबांचे पुस्तकांचे फडताळ माळ्यावर, असे चित्र नवे नाही. फडताळ दिवाणखान्याच्या एका टोकाला उभे राहून समोरच्या टीव्हीला तोलून धरू शकते. तसे झाले, तर खोलीबरोबर घरातल्या माणसांचाही तोल राखला जातो. ज्या घरात प्रत्येकाला आपली एक तरी वस्तू दिसते, ते घर पाहुण्यांना आवडो न आवडो, राहणाऱ्यांना आपले वाटते.

खर्च करण्यापूर्वी हे करून पाहावे

• खोलीच्या दारात उभे राहून डोळे किलकिले करावेत. तपशील पुसट होतात आणि जड ठिकाणे तेवढी उरतात. सारी एकाच बाजूला असतील, तर त्यांतील एक वस्तू समोर हलवावी.

• मोबाइलवर खोलीचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. रंगांची भूल जाते आणि गडद-फिकटाची वाटणी स्पष्ट दिसते.

• नवे फर्निचर घेण्याआधी त्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रे जोडून जमिनीवर अंथरावीत आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरावे. अडचण लगेच कळते.

• चित्र लावण्याआधी त्याच आकाराचा कागद भिंतीवर चिकटपट्टीने लावून पाहावा. खिळा नंतर ठोकावा.

• शोभेच्या छोट्या वस्तू एका परातीत काढून ठेवाव्यात. आठवडाभर ज्यांची आठवण होईल, त्याच परत मांडाव्यात.

• जुनी वस्तू मोडीत देण्याआधी तिची जागा, तिचा रंग आणि तिच्या समोरची वस्तू, हे तीन बदल क्रमाने करून पाहावेत. तरीही ती खटकली, तरच निरोप द्यावा.